.४४ मॅग्नम की .४५ कोल्ट? लिव्हर-ॲक्शन रायफल घेण्याआधी
दोन्ही काडतुसांच्या पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्याची, लांबी एकच, ३२.६ मिमी. रिमचा (पुंगळीच्या बुडाच्या कडेचा) व्यासही जवळपास सारखा, १३ मिमीच्या आसपास. एकाच मॉडेलची लिव्हर-ॲक्शन रायफल (घोड्याभोवतीची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची) दोन्हींसाठी मिळते आणि नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय कुठली कोणती ते ओळखू येत नाही. त्यामुळे ‘४५ म्हणजे ४४ पेक्षा मोठं, मग जोरही जास्त’ असा हिशेब पटकन मांडला जातो. गोळीच्या जाडीपुरता तो बरोबर आहे: .४५ ची गोळी ११.५ मिमी, .४४ ची १०.९ मिमी. जोराच्या बाबतीत मात्र तो साफ फसतो.

फरक आहे तो दाबाचा. काडतुसांची मापं आणि मर्यादा ठरवणाऱ्या ‘सामी’ या अमेरिकी संस्थेने .४५ कोल्टला कमाल १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठरवून दिला आहे, .४४ मॅग्नमला ३६,०००. .४५ कोल्ट १८७३ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस आहे. त्या काळातल्या आणि त्याच घडणीच्या नव्या रिव्हॉल्व्हर आजही वापरात असल्यामुळे मर्यादा वर नेता येत नाही. .४४ मॅग्नम १९५५ मध्ये आलं, तेव्हा पोलादही वेगळं होतं आणि दारूही.

रायफलच्या लांब नळीत ही तफावत आणखी वाढते. .४४ मॅग्नममध्ये सावकाश जळणारी दारू असते. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत ती पुरती कामी येत नाही, २० इंची नळीत येते. २४० ग्रेनची (साधारण १५.५ ग्रॅमची) गोळी रायफलमधून साधारण ५३५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते, ऊर्जा सुमारे २,२०० जूल. साध्या .४५ कोल्टमधली थोडी दारू लवकर जळून जाते, पुढची लांबी फारशी उपयोगी पडत नाही. २५५ ग्रेनची गोळी ३०० मीटर प्रति सेकंदाच्या थोडी वर जाते, म्हणजे ऊर्जा साधारण ८०० जूल. निशाणेबाजीला ही मऊ, आरामशीर गोळी फार छान. रानडुकरासाठी .४४ च बरी.

मग .४५ चे चाहते तिला .४४ च्या तोडीची म्हणतात ते खोटं का? नाही. पुंगळीत जागा भरपूर आहे आणि आजची पितळी पुंगळी जुनीपेक्षा मजबूत आहे. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या पुस्तकांत मजबूत बंदुकांसाठी वेगळा तक्ता असतो, त्यात दाब ३०,००० पीएसआयच्या आसपास जातो. काही कंपन्या अशी जोरकस तयार काडतुसंही विकतात. ३०० ग्रेनच्या गोळीसह ती .४४ च्या अगदी जवळ येतात. विंचेस्टर १८९२ घडणीची रॉसीसारखी आधुनिक रायफल किंवा मार्लिन १८९४ हा दाब झेलते. १८९२ च्या घडणीत बोल्ट, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणारा भाग, मागून दोन उभ्या पट्ट्यांनी अडवलेला असतो. रॉसीने याच घडणीत .४५४ कॅसूल हे जास्त जोरकस काडतूससुद्धा दिलं आहे, ज्याची मर्यादा ६५,००० पीएसआय आहे.

विंचेस्टर १८७३ च्या प्रतिकृतीत मात्र हे काडतूस घालायचं नाही. तिथे बोल्टला रोखतात ते गुडघ्यासारखे दुमडणारे दोन सांधे, आणि ते इतक्या जोरासाठी घडवलेले नाहीत. त्याहून मोठा धोका घरातल्या दुसऱ्या हत्याराचा. रायफलसाठी भरलेलं जोरकस .४५ काडतूस जुन्या धाटणीच्या .४५ रिव्हॉल्व्हरमध्येही बिनबोभाट बसतं, आणि बार उडाला की सिलिंडर फुटू शकतो. जोडीला अशी रिव्हॉल्व्हर असेल तर .४५ रायफलसाठी साधीच काडतुसं ठेवावीत. ‘लक्षात ठेवू’ यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

साध्या .४५ ची आणखी एक खोड: काजळी. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) सैलसर असतं आणि दाब कमी, त्यामुळे पुंगळी फुगून भिंतीला घट्ट चिकटत नाही. धूर मागे येतो, पुंगळी एका बाजूने काळी पडते आणि यंत्रणेत घाण साचते. हलकी काडतुसं जास्त उडवणाऱ्याला रायफल वरचेवर उघडून पुसावी लागते. .४४ मध्ये पूर्ण दाबाला हा त्रास जवळजवळ नाही. .४४ च्या रायफलमध्ये .४४ स्पेशल हे कमी जोराचं काडतूस वापरलं तर वेगळी काळजी: त्याची पुंगळी तीन मिलिमीटरने आखूड, म्हणून चेंबरच्या पुढच्या भागात काजळीचं कडं बसतं आणि नंतर मॅग्नम काडतूस अडकतं. ब्रशने ते कडं काढूनच पुढे जावं.

रिम सारख्याच व्यासाची असली तरी .४५ चं अंग जाड, त्यामुळे कडेला बाहेर उरते जेमतेम ०.४ मिमी. .४४ मध्ये ०.७ मिमी. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची पकड .४४ वर जास्त खात्रीची. आजच्या .४५ पुंगळीला रिमपुढे खाच असते म्हणून काम भागतं, पण घाणेरडं चेंबर आणि झिजलेला एक्स्ट्रॅक्टर एकत्र आले की पहिली कुरकुर .४५ च करते.

.४४ घेताना नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा, विचारून घ्यावा. जुन्या मार्लिनमध्ये ३८ इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ आहे. २४० ग्रेनला तो चालतो, ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या मात्र बरेचदा स्थिर राहत नाहीत आणि कागदावर आडवी भोकं पडतात. रुगरने २०२० मध्ये मार्लिन घेतल्यानंतरच्या .४४ रायफलींत २० इंचांत एक फेरा आहे, त्यांना जड गोळी चालते.

दुर्बीण लावायची असेल तर पुंगळी बाजूने फेकणारी मार्लिन सोयीची. १८९२ ती वरून फेकते. नळीसारख्या मॅगझिनमध्ये गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकते, म्हणून टोक चपटं किंवा मऊ पॉलिमरचंच हवं. स्वतः भरत असाल तर पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळा. नाहीतर स्प्रिंगच्या आणि धक्क्याच्या जोराने गोळी पुंगळीत मागे सरकते आणि दाब चढतो.

काडतुसं दुकानातून विकत घेणार असाल आणि शिकार करायची असेल तर .४४ घ्या, फार विचार करू नका. स्वतः भरत असाल, रायफल १८९२ घडणीची असेल आणि सोबतीला मजबूत .४५ रिव्हॉल्व्हर असेल, तर .४५ त्या मेहनतीचं चीज करते. फक्त निशाणेबाजी करायची आणि खांद्याला त्रास नको, तरी .४५ चालेल, काजळीसकट.

दोन्ही रायफली एका घरात असतील तर डबे वेगळ्या कपाटात ठेवा. .४५ चं काडतूस .४४ मध्ये शिरत नाही, पण बारीक अंगाचं .४४ मॅग्नम .४५ च्या चेंबरमध्ये सैल बसतं आणि रिमवर अडकून उडूही शकतं. पुंगळी उभी फाटते, आणि ३६,००० पीएसआयचा वायू यंत्रणेत घुसतो.

जुनी रायफल पाहताना डमी काडतुसांनी मॅगझिन भरून लिव्हर आधी हळू आणि मग झटक्यात चालवून बघा. मार्लिन १८९४ मध्ये लिव्हरच्या कडेने कॅरियरला (काडतूस वर उचलणाऱ्या भागाला) खाच पडलेली असेल तर दुसरं काडतूस मध्येच घुसून रायफल अडकते. नवा कॅरियर बसवून लिव्हरची कड गोल घासून घेतल्यावर ते थांबतं.