रिपोर्ट नॉर्मल, तरी आठवत का नाही?

'ब्रेन फॉग' हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला. घराघरांत हीच तक्रार 'डोकं चालत नाही', 'काही सुचत नाही', 'बोलता बोलता शब्दच सापडत नाही' अशी ऐकू येते. तिच्यावरची उत्तरंही ठरलेली आहेत: 'लक्षच नसतं तुझं' किंवा 'वय झालं आता'. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात थायरॉइडचं हार्मोन कमी पडणाऱ्या पाच हजारांहून अधिक रुग्णांनी या त्रासाबद्दल सांगितलं. त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो निदान होण्याआधीच सुरू झाला होता. म्हणजे डोकं आधी मंदावलं आणि रक्ततपासणी नंतर झाली. मधला सगळा काळ ही माणसं स्वतःलाच बोल लावत राहिली असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण हा त्रास मनाचा खेळ नाही, हे वैद्यकाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार सुरू केले. तिचा चेहरा सुजला होता, थंडी सोसत नव्हती, बोलणं आणि हालचाल अतिशय संथ झाली होती. मरेने तिला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. काही महिन्यांत ती भराभर बोलू लागली, प्रश्नाला चटकन उत्तर देऊ लागली. पुढे हा अर्क ती तोंडाने घेत राहिली आणि आणखी २८ वर्षं जगली. १९१९ मध्ये ती वारली तोवर तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. आज तेच काम एक इवलीशी गोळी करते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी मुख्यतः टी-४ हे हार्मोन बनवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. पण पेशींमध्ये खरं काम करतं ते टी-३, म्हणजे एक आयोडीन काढून टाकलेलं रूप. मेंदूत हा बदल बराचसा अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी करतात आणि तयार टी-३ शेजारच्या चेतापेशींना पुरवतात. तिथे ते पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुकं चालू ठेवायची, कोणती बंद, हे ठरवतं. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात या हार्मोनला प्रतिसाद देणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, भरपूर आहेत. म्हणून हार्मोन बरंच कमी पडलं की लक्ष टिकत नाही, विचारांचा वेग मंदावतो आणि ऐकलेलं-वाचलेलं लक्षात राहत नाही. उपचाराने यातलं बरंचसं परत येतं. कमतरता अगदी किरकोळ असेल, तर मात्र स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडण्याचा आजार, आढळला. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता.

गोळी सुरू झाली, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, रक्ततपासणीत तेच मोजतात) नॉर्मल आलं, डॉक्टर म्हणाले 'सगळं ठीक आहे', आणि तरीही डोकं जडच? असे रुग्ण संख्येने कमी असले तरी खरे आहेत. इथे सर्वांत आधी पाहावी ती गोळी घेण्याची रीत. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४ ची ही गोळी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायचं आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. आपल्याकडे गोची होते ती सकाळच्या चहाने. उठलं की गॅसवर आधण चढतं, आणि गोळी नि चहा यांत पाच मिनिटांचंही अंतर उरत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर हे औषध आतड्यातच अडवतात, त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. सकाळ जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेता येते. डोस बदलला की लगेच आठवड्याने फरक शोधू नये. टी-४ शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, म्हणून फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. थायरॉइडमुळे केस गळतात, म्हणून कितीतरी बायका बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात. आणि हेच बायोटिन काही प्रयोगशाळांच्या चाचणीत गोंधळ घालून टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावं आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

यानंतरचा मोह असतो डोस वाढवण्याचा. 'थोडा जास्त घेतला तर डोकं लख्ख होईल' ही आशा मी समजू शकतो. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३८ रुग्णांना, कोणाचा डोस बदलला हे कळू न देता, सहा महिने वेगवेगळ्या टीएसएच पातळ्यांवर ठेवलं. स्मरणशक्ती, मनःस्थिती, जगण्याची गुणवत्ता, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रुग्णांना पसंत पडला तो त्यांना स्वतःला जास्त वाटलेला डोस. प्रत्यक्षात तो जास्त असो वा नसो. आणि खरोखर जास्त झालेला डोस हृदयाची लय बिघडवू शकतो, हाडं ठिसूळ करू शकतो. हार्मोन जास्त झालं तरी मन एकाग्र होत नाही, हेही ध्यानात असावं. टी-४ सोबत टी-३ देण्याचे प्रयोग अनेक झाले. एकुणात ते नुसत्या टी-४ पेक्षा सरस ठरले नाहीत, पण काही रुग्णांना ते मानवतात. तो निर्णय हार्मोनतज्ज्ञाचाच.

माझ्या मते खरा शोध इथून पुढे सुरू व्हायला हवा, आणि नेमका इथेच तो थांबतो. 'थायरॉइड आहे ना, त्यामुळेच' असं म्हणून सगळं त्या एका ग्रंथीवर ढकललं जातं. शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते, तेव्हा काहींच्या जठरावरही उलटते आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जात नाही. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी असण्याची शक्यता तशीही जास्त. ते कमी पडलं की विसराळूपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात. लोहाची कमतरता, रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षं, नैराश्य, घोरताना श्वास अडकून मोडणारी झोप, यांतली कोणतीही गोष्ट हुबेहूब असंच धुकं पसरवते. टीएसएचसोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ब-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नये.

हे होईपर्यंत रोजचं निभवायचं कसं? आपण ज्याला विसरणं म्हणतो, ते पुष्कळदा मुळात नोंदलंच न जाणं असतं. फोनवर बोलत बोलत किल्ली ठेवली, तर मेंदूने ती जागा टिपलेलीच नसते. मग आठवणार काय? किल्ली ठेवताना 'खुंटीवर ठेवली' असं मोठ्याने म्हणावं, साधं वाटलं तरी ते उपयोगी पडतं. एका वेळी एकच काम. हिशेब, अर्ज, मुलांचा अभ्यास असली डोक्याची कामं दिवसातल्या आपल्या ताज्या वेळेत, भाजी निवडणं थकव्याच्या वेळेत. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी, म्हणजे 'घेतली की नाही' हा प्रश्न डबीच सोडवते. बाकीचं सगळं एकाच वहीत. पाच चिठोऱ्यांवर लिहिलेलं पुन्हा हरवतं. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात रुग्णांनी सर्वांत जास्त आराम देणारी गोष्ट म्हणून विश्रांतीचं नाव घेतलं. ज्या घरात बाई दुपारी आडवी झाली की भुवया उंचावतात, त्या घरातल्या इतरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नसतं. अचानक बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूची शक्ती गेली किंवा एकाएकी काही समजेनासं झालं, तर थेट रुग्णालय गाठावं. थायरॉइड असलेली वयस्कर व्यक्ती थंडगार पडून गुंगीत जाऊ लागली, तरीही तसंच.

डॉक्टरांकडे जाताना 'विसरायला होतं' एवढंच सांगितलं, तर दोन मिनिटांत रिपोर्ट पाहून विषय संपतो. त्याऐवजी वहीत पंधरा दिवसांच्या नोंदी न्याव्यात: गोळी किती वाजता, चहा किती वाजता, झोप किती तास, कोणत्या दिवशी काय विसरलं, आणखी कोणती औषधं चालू आहेत. आणि शक्य असेल तर घरातल्या एकाला सोबत न्यावं, कारण तिथे काय विचारायचं होतं तेही ऐनवेळी आठवत नाही.