सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे

जीवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या, शरीरातच तयार होणाऱ्या आखूड प्रथिन साखळ्या. बहुतेकींमध्ये १२ ते ५० अमिनो आम्ले असतात. वनस्पती, कीटक, उभयचर, माणूस अशा सर्वांत त्या आढळतात. नव्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात. ही पेप्टाइडे मात्र आधीपासून साठवलेली असतात, नाहीतर काही तासांत तयार होतात.

स्वीडनमधील हान्स बोमन यांच्या गटाने १९८१ मध्ये सिक्रोपिया पतंगाच्या कोशातून सिक्रोपिन हे पेप्टाइड वेगळे केले. अमेरिकी संशोधक मायकल झासलॉफ यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रयोगासाठी आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करून, टाके घालून ते त्यांना पुन्हा टाकीतल्या जंतुयुक्त पाण्यात सोडत. तरीही जखमा चिघळत नसत. त्याचा शोध घेताना त्यांना बेडकाच्या त्वचेत मॅगेनिन हे पेप्टाइड सापडले; ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

बहुतेक पेप्टाइडांवर धनभार असतो. शिवाय त्यांची एक बाजू पाण्याकडे, तर दुसरी मेदाकडे ओढ घेणारी असते. जीवाणूच्या बाह्य आवरणावर ऋणभार असल्याने पेप्टाइडे तिथे खेचली जातात आणि मेदाच्या पटलात घुसतात. पुरेशी जमली की पटलाला भोके पडतात किंवा ते फाटते. आतले आयन व एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. माणसाच्या पेशीपटलाची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते, त्यात कोलेस्टेरॉलही असते, म्हणून ती बरीचशी वाचते. बरीचशीच, कारण मात्रा वाढली तर आपल्या पेशींनाही इजा होते. सर्वच पेप्टाइडे पटल फोडतात असेही नाही. काही डिफेन्सिने पेशीभित्ती बांधायला लागणाऱ्या लिपिड-२ या रेणूला चिकटून बांधकामच थांबवतात.

माणसात डिफेन्सिने व कॅथेलिसिडिने ही दोन कुळे प्रमुख आहेत. अल्फा-डिफेन्सिने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत आणि लहान आतड्याच्या अस्तरातील पानेथ पेशींत असतात. बीटा-डिफेन्सिने त्वचा व श्वसनमार्गाच्या अस्तरात. कॅथेलिसिडिन माणसात एकच, एलएल-३७. ते मोठ्या, निष्क्रिय प्रथिनाच्या रूपात साठवले जाते आणि गरजेच्या वेळी विकर (एन्झाइम) ते कापून मोकळे करते. त्याच्या जनुकाला ड जीवनसत्त्वामुळे चालना मिळते. एलएल-३७ प्रतिकारक पेशींना संसर्गाच्या जागी बोलावते व जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाला, म्हणजे अंतर्विषालाही बांधून ठेवते. जंतू मारण्याइतकेच हे कामही महत्त्वाचे मानायला हवे. न्यूट्रोफिल फारच कमी असणाऱ्या कोस्टमन या जन्मजात विकारात औषधाने न्यूट्रोफिलांची संख्या वाढवली, तरी त्यांत एलएल-३७ची उणीव राहते आणि हिरड्यांचा गंभीर आजार होतो. उलट सोरायसिस या त्वचाविकारात त्वचेत ही पेप्टाइडे प्रमाणाबाहेर वाढतात आणि दाह भडकवायला हातभार लावतात.

जीवाणूही गप्प बसत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आपल्या पटलातील मेदाला लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल जोडून ऋणभार घटवतो. काही जीवाणू पेप्टाइडे कापणारी विकरे सोडतात. औषध म्हणून वापरायचे, तर रक्तातील क्षार व विकरांमुळे पेप्टाइडांचा जोर ओसरतो आणि उत्पादनही महाग पडते. मॅगेनिनवरून बनवलेल्या पेक्सिगॅनान या मलमाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता नाकारली गेली. कोलिस्टिन हे जीवाणूंनीच बनवलेले पेप्टाइड मात्र इतर प्रतिजैविके हरल्यावर दिले जाते. त्यालाही दाद न देण्याची क्षमता जीवाणूंना देणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये आढळले. तेही आवरणाचा ऋणभारच कमी करते आणि प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असल्याने एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते.