संगणक शाळेत आला, गणिताच्या तासाला उशिरा पोचला

जूनमध्ये शाळा सुरू झाली की ठाण्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत नवा डिजिटल बोर्ड बसतो. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास थांबतो. पेनाचा रंग कसा बदलायचा, लिहिलेलं कसं पुसायचं, व्हिडिओ कसा लावायचा, हे सगळं दाखवतो. हजेरीच्या कागदावर सह्या होतात आणि प्रशिक्षण संपतं. अशा तीन प्रशिक्षणांना मी बसले आहे. तिन्ही वेळा गणिताच्या शिक्षकांपैकी कुणी ना कुणी विचारलं, "यावर त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवला तर कोन बदलताना दिसतील का?" तिन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, "ते तुम्हाला वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बघावं लागेल."

गेली चाळीस वर्षं हा प्रश्न असाच पुढे ढकलला गेला आहे. यंत्र शाळेत येतं, यंत्र चालवायला शिकवलं जातं. त्या यंत्राने गणित कसं शिकवायचं हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं. वर पुन्हा ऐकायला मिळतं, की गणिताचे शिक्षक तंत्रज्ञानाला बिचकतात. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा मागचा प्रवास मांडते आहे.

गणित शिकवणाऱ्याला साधनांचं वावडं कधीच नव्हतं. फळ्यावरचा लाकडी कंपास, हातभर कोनमापक, गुण्या, रंगीत खडू ही आमचीच हत्यारं. कंपास मोडलेला असेल तर दोऱ्याला खडू बांधून अंगठ्याने केंद्र दाबायचं आणि वर्तुळ काढायचं, हे प्रत्येकाने केलेलं आहे. बारावीच्या परीक्षेत लॉगची कोष्टकं आजही चालतात, कॅल्क्युलेटर चालत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

भारतातल्या शाळांत संगणक सरकारी पातळीवर आला तो 1984-85 साली, 'क्लास' नावाच्या प्रकल्पातून. सुरुवातीला सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रं मिळाली. त्याच सुमारास पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली आणि शालेय कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. दूरदर्शनवरचं गणित थांबवून "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे आमच्या विषयाला त्याचा उपयोग बेताचाच झाला.

संगणकाचं तसं नव्हतं. मुलांसाठीची 'लोगो' ही संगणकाची भाषा 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केली होती, आणि तिचा पाया गणिताचाच होता. पडद्यावर एक कासव. त्याला सांगायचं, 50 पावलं पुढे जा, उजवीकडे वळ. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मुलं हटकून 60 अंशांत वळायला सांगतात आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. कासव वळतं ते बाह्यकोनातून, म्हणजे 120 अंशांतून. बाह्यकोन म्हणजे काय, हे फळ्यावर चार वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका चुकीत कळतं.

इतकी गणिताची वस्तू गणिताच्या तासाला का आली नाही? कारण शाळेत संगणकाची खोलीच वेगळी झाली. नव्वदच्या दशकात ज्यांनी ठाण्यात शाळा पाहिली त्यांना ती आठवत असेल. चपला बाहेर काढायच्या, आत पंख्याऐवजी एसी, प्रत्येक यंत्रावर कापडी झाकण, एका यंत्रासमोर तिघं मुलं. संगणकाची फी वेगळी, शिक्षक वेगळे, वही वेगळी. कासव त्या खोलीत राहिलं आणि बाह्यकोन वरच्या मजल्यावर नववीच्या वर्गात. दोघांची गाठ पडावी अशी वेळापत्रकात जागाच नव्हती.

शिक्षकांच्या हातात माउस आला तो एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली स्थापन झालं, त्यापाठोपाठ हा अभ्यासक्रम आला आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, शिक्षकांसाठी तो वेतनवाढीशी जोडला गेला. शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या क्लासमध्ये पन्नाशीचे मुख्याध्यापक आणि विशीतल्या मुली शेजारी बसून टायपिंग शिकत होते. या अभ्यासक्रमाने शिक्षकांची भीती घालवली, हे त्याचं मोठं श्रेय. पण शिकलेलं वापरायचं कुठे? प्रश्नपत्रिका टाइप करायला आणि निकालपत्रक बनवायला. युनिकोड रुळायच्या आधी मराठी प्रश्नपत्रिका एका फॉन्टमध्ये टाइप करून दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांचा खिचडा व्हायचा. अपूर्णांक आणि वर्गमूळ हाताने भरायला जागा सोडावी लागे. एक्सेलमध्ये बेरजा, टक्केवारी, श्रेणी. पुढे पगारासाठी शालार्थ आणि 2015 पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी सरल आलं, आणि शाळेतला संगणक म्हणजे माहिती भरायचं यंत्र हे समीकरण घट्ट झालं.

दरम्यान गणितासाठीचं खरं साधन तयार होत होतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने 2001-02 च्या सुमारास जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर, आणि शाळांना फुकट. अशी सॉफ्टवेअर त्याआधीही होती. जिओमीटर्स स्केचपॅड 1991 पासून मिळत होतं, पण ते विकत घ्यावं लागे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे अशी मुक्त सॉफ्टवेअर छोट्या छोट्या ध्वनिचित्रफितींतून शिकता येऊ लागली, मराठीतूनही. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये कानाला हेडफोन लावून असे धडे ऐकणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

आंतरलिखित कोनाचं प्रमेय मी पहिल्यांदा जिओजेब्रावर घेतलं, तो तास इथे सांगायलाच हवा. वर्तुळावर ए आणि बी हे बिंदू, मोठ्या कंसावर सी. कोन 50 अंश. एका मुलाला सी सरकवायला बोलावलं. बिंदू फिरतोय, रेषा ताणल्या जातायत, आणि कोपऱ्यातला आकडा 50 चा 50. दोन मिनिटं वर्ग नुसता बघत होता. मग त्या मुलाच्या हातून सी हा बिंदू ए ओलांडून लहान कंसावर गेला आणि आकडा एकदम 130 झाला. "बाई, बिघडलं!" मागून कुणीतरी म्हणालं, "नाही, 180 मधून 50 गेले." चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात हे प्रमेय मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. वर्ग आपापला तिथे जाऊन पोचला होता.

त्याच तासाला दुसरा प्रश्नही आला, आणि तो अवघड होता. "दिसलं ना बाई, मग सिद्धता कशाला?" पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या पायऱ्यांना परीक्षेत गुण आहेत म्हणून, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. पडद्यावर आपण फार तर शंभर जागी सी ठेवून बघतो, वर्तुळावर बिंदू मात्र अगणित असतात. त्या दिवशी हे उत्तर मला लगेच सुचलं नव्हतं. असे प्रश्न कुठल्या वळणावर येतात हे कंपनीचा माणूस सांगू शकत नाही. ते गणित शिकवणाऱ्यानेच गणित शिकवणाऱ्याला सांगायला हवं. विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं वेगळं, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली मांडलं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी 2006 साली त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. त्यांचं म्हणणं असं, की विषय, अध्यापन आणि साधन ही तीन ज्ञानं सुटी सुटी शिकवून भागत नाही, ती एकमेकांत मुरावी लागतात. आपली बहुतेक प्रशिक्षणं तिसऱ्यावरच थांबली.

याचा अर्थ कुणी काही केलं नाही असा नाही. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली आणि गावोगावचे शिक्षक ती बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड असतात. मला या कामाबद्दल आदर आहे. फक्त गणितात व्हिडिओ बघणं ही पहिली पायरी, हात चालवल्याशिवाय दुसरी येत नाही.

मग मार्च 2020 आला आणि जे वीस वर्षांत झालं नव्हतं ते दोन महिन्यांत करावं लागलं. भाषेच्या शिक्षकाला बोलून बरंच काही शिकवता येतं. गणिताचं काय करायचं? समीकरण बोलून दाखवता येत नाही. सुरुवातीला आम्ही तयार स्लाइड दाखवल्या आणि मुलं भराभर मागे पडली, कारण पाचही पायऱ्या एकदम समोर येत होत्या. मग घरोघरी जुगाड उभे राहिले. माझा असा होता: स्वयंपाकघरातले स्टीलचे दोन डबे, त्यांवर आडवी काच, काचेवर पालथा मोबाइल आणि खाली कोरा कागद. मुलांना माझा चेहरा दिसत नव्हता, लिहिणारा हात दिसत होता. त्या दिवसापासून प्रश्न येऊ लागले. "तिसऱ्या ओळीत उणे कुठून आलं?" लिहिताना हात जिथे थांबतो तिथे मुलाचं डोकंही थांबतं, विचार करतं, आणि मग दोघं मिळून पुढे जातात. इतकी वर्षं शिकवूनही खडूचं हे काम मला काचेवरच्या मोबाइलने दाखवलं.

बाकीचं चित्र मात्र वाईट होतं. कळव्याच्या चाळीत एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर गेला की मुलाचा तास संध्याकाळी सातला. व्हॉट्सअॅपवर वह्यांचे आडवेतिडवे फोटो, त्यांवर बोटाने बरोबर-चूक. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली, पण ती पहिली ते आठवीसाठी होती. 4 ऑक्टोबर 2021 ला शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. तेव्हा समोर बसलेल्या काही मुलांचा भागाकार सुटला होता. तो परत आणायला कुठलंही अॅप कामी आलं नाही, वही-पेन्सिल आणि वेळ लागला.

आता फोनचा कॅमेरा उदाहरणावर धरला की पायऱ्यांसकट उत्तर येतं, आणि 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून तर प्रश्न टाइप केला तरी पुरतं. मी गृहपाठ बदलला. सोडवलेलं उदाहरण देते, त्यात एक चूक पेरते आणि ती शोधून का चूक आहे ते लिहायला सांगते. परीक्षा अजून कागदावरच आहे, तिथे कॅल्क्युलेटरही चालत नाही, त्यामुळे पालकांचा प्रश्न असतो, "याचे गुण मिळतात का?" प्रश्न रास्त आहे. परीक्षा आणि वर्ग वेगवेगळ्या काळात राहतात तोवर तो विचारला जाणार.

निकालपत्रकासाठी शिकलेलं एक्सेल गणिताच्या तासाला कसं आलं, ते राहिलं. गणिती द. रा. कापरेकर हे नाव आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाला माहीत असावं असं मला वाटतं. जन्म 1905 चा, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात. पुढे आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिक्षक. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेमलो' हे त्या स्टेशनचं जुनं नाव दिलं. 1949 साली त्यांनी 6174 ची गंमत मांडली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. हेच करत राहा, फार तर सात वेळा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, आले 3087. मग 8352. मग 6174, आणि तिथेच मुक्काम.

आठवीच्या वर्गात मी हे एक्सेलमध्ये बांधलं. 'मिड' या सूत्राने अंक सुटे, 'लार्ज'ने उतरता क्रम, वजाबाकी, खाली ओढत न्यायचं. मुलं संख्या सांगत होती, ओळी 6174 ला जाऊन थांबत होत्या. मग एकाने 2111 सांगितली. 2111 वजा 1112, 999. चौथ्या अंकाच्या खणात त्रुटी, आणि खाली सगळीकडे त्रुटीच त्रुटी. एकाने वहीत 999 वजा 999 करून शून्य आणलं आणि जाहीर केलं, "कापरेकर चुकले." पहिल्या बाकावरून आवाज आला, "शून्य खाल्लं बाई मशीनने. ते 0999 आहे." सूत्रात 'टेक्स्ट' घालून चार जागा राखल्या. 9990 वजा 0999, 8991. मग 8082, 8532, 6174.

0999 ला चार अंकी म्हणायचं का, यावर तास संपेपर्यंत भांडण चाललं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने यादी आणली: 1000, 2111, 3222, 5554. खाली लिहिलं होतं, "तीन अंक सारखे आणि चौथा एकाने कमी किंवा जास्त असला की मशीन अडकतं." असंच का होतं हे सिद्ध करायला आठवीचं बीजगणित पुरतं. पुढचे दोन तास आम्ही तेच केलं, फळ्यावर, खडूने.