न्यू जर्सीतील स्त्री-मताधिकार (१७७६–१८०७)

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात मालमत्ताधारक स्त्रियांना सु. तीस वर्षे असलेला मतदानाचा हक्क. २ जुलै १७७६ रोजी बर्लिंग्टन येथे संमत झालेल्या राज्यघटनेने काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) वर्षभर वास्तव्य आणि पन्नास पौंडांची निर्वेध मालमत्ता असलेल्या ‘सर्व सज्ञान रहिवाशांना’ मताधिकार दिला. लिंग वा वर्ण यांची अट तीत नव्हती. त्यामुळे मालमत्ता बाळगून असलेले मुक्त कृष्णवर्णीयही मतदार ठरले. लग्नानंतर पत्नीची मिळकत पतीच्या ताब्यात जाई, म्हणून मतदार स्त्रिया मुख्यत्वे विधवा किंवा अविवाहित असत.

‘सर्व रहिवासी’ हे शब्द हेतुतः योजले की अनवधानाने राहून गेले, हा जुना वाद आहे. ब्रिटिश आरमार न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या सँडी हुककडे येत असताना मसुदा दोन-तीन दिवसांत सिद्ध झाला. यावरून एकोणिसाव्या शतकातील काही लेखकांनी ती निव्वळ घाईतली चूक मानली. परंतु शेजारच्या न्यूयॉर्कने १७७७ मध्ये आणि मॅसॅचूसेट्सने १७८० मध्ये ‘पुरुष’ हा शब्द आवर्जून घातला, म्हणजे हा भेद त्या काळच्या घटनाकारांना अपरिचित नव्हता. १७७६ च्या हेतूविषयी शंका धरली, तरी १७९० च्या निवडणूक कायद्याबाबत ती टिकत नाही. सात काउंट्यांपुरत्या या कायद्यात मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असा आहे. या शब्दयोजनेचे श्रेय परंपरेने जोसेफ कूपर या क्वेकर (स्त्री-पुरुष समानता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) प्रतिनिधीला दिले जाते. १७९७ मध्ये हीच भाषा राज्यभर लागू झाली : मतदाराने ‘त्याची किंवा तिची’ चिठ्ठी सर्वांसमक्ष, उघडपणे द्यावी. अनवधान दोनदा, तेही वाढत्या व्याप्तीने, घडले असे मानणे कठीण आहे.

स्त्रिया प्रत्यक्षात मत देत होत्या काय, याचा पुरावा दीर्घकाळ वृत्तपत्रांवर व आठवणींवर विसंबून होता. २०२० च्या सुमारास फिलाडेल्फियातील अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाच्या संशोधकांनी जुन्या मतदारयाद्या तपासून १६३ स्त्रियांची नावे पुढे आणली. मतदान करणाऱ्यांची नावे कारकुनाने एकाखाली एक लिहिलेली असून पुरुषांच्या ओळीतच स्त्रियांची नावे येतात. त्यांचा वेगळा रकाना नाही. त्यांनी कोणाला मत दिले, हे मात्र या याद्यांवरून कळत नाही.

१७९७ मध्ये एलिझाबेथटाउनच्या स्त्रियांनी फेडरॅलिस्ट पक्षाचा उमेदवार विल्यम क्रेन याला मते दिली आणि त्याचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन काँडिक्ट जेमतेम निवडून आला. १८०७ च्या प्रारंभी एसेक्स काउंटीचे न्यायालय नूअर्कला असावे की एलिझाबेथटाउनला, यावरील मतदानात उघड गैरप्रकार झाले. स्त्रीवेष घालून पुरुषांनी व मुलांनी पुन्हा पुन्हा मते दिल्याचे सांगितले जाते. दंड या लबाडीला व्हायला हवा होता, तो स्त्रियांना झाला. नोव्हेंबर १८०७ मध्ये काँडिक्टच्याच पुढाकाराने मताधिकार ‘मुक्त, श्वेत, पुरुष नागरिकां’पुरता उरला आणि कृष्णवर्णीयांनीही तो गमावला. घटना न बदलता साध्या कायद्याने हे केले गेले.

पुढे ऑरेंज येथे राहणाऱ्या स्त्री-हक्क चळवळीतील नेत्या लूसी स्टोन यांनी मताधिकार नसल्याने कर भरण्यास नकार दिला. १८५८ मध्ये त्यांचे घरसामान लिलावात निघाले. १८६७ मध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर त्यांनी हाच इतिहास मांडून गेलेला हक्क परत मागितला.