तारखा ठरल्या, निकाल नाही

अमेरिकेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या खटल्याबद्दल एक समज अजून फिरतोय: सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने तिथल्या पर्यावरण खात्याशी, म्हणजे ईपीएशी, संगनमत करून कोर्टातल्या तडजोडीतून हवे ते जिल्हे ‘प्रदूषित’ ठरवून घेतले. तसं झालेलं नाही.

जून 2010 मध्ये ईपीएने हवेतल्या या वायूची तासाभराची मर्यादा 75 पीपीबी (अब्ज भागांत 75 भाग) केली. देशाचा कुठला भाग या मर्यादेत बसतो, हे कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षांत जाहीर करायचं होतं. 2013 मध्ये फक्त 29 भागांचा निकाल लागला, बाकी घोंगडं भिजत पडलं. म्हणून सिएरा क्लबचा ईपीएवर खटला.

तडजोडीला मान्यता देणाऱ्या 2 मार्च 2015 च्या कोर्टाच्या आदेशाने निकाल जाहीर करायच्या फक्त मुदती बांधल्या: जुलै 2016, डिसेंबर 2017, डिसेंबर 2020. पहिल्या फेरीत मुख्यतः कोण, तर 2012 मध्ये 16,000 टनांहून जास्त वायू सोडणारी वीजकेंद्रं. पण तिथेही ‘प्रदूषित’, ‘स्वच्छ’ की ‘सांगता येत नाही’, हा निर्णय ईपीएकडेच राहिला. काही राज्यांनी तडजोडीविरुद्ध अपील केलं. 2017 मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (अमेरिकेतलं एक केंद्रीय अपील कोर्ट) ते फेटाळलं.

आणि हो, ‘सांगता येत नाही’ म्हणजे स्वच्छ नव्हे. पुरेशी माहिती हाताशी नव्हती, एवढंच.