विलोमक्रिया आणि राहून गेलेलं उणे

‘३क्ष² − ५ = १४२’ असलं समीकरण दहावीच्या वहीत आलं की हात आपोआप चालतो. पाच पलीकडे गेले, चिन्ह बदललं, १४७. तिनाने भागलं, ४९. वर्गमूळ, ७. आणि मार्क जातो, कारण उणे ७ लिहायचं राहिलेलं असतं. माझा तरी अनेकदा गेलाय. इथे अवयव पाडायला नकोत की सूत्र नको. नुसत्या क्षचं पद मध्ये नसल्यामुळे एकेक आवरण काढत क्षला एकटं गाठता येतं. शेवटून उलट जात सोडवायची ही रीत, म्हणजे विलोमक्रिया, फार जुनी आहे. तिच्या इतिहासात ते उणे उत्तर कुठे कुठे राहून गेलं, ते बघण्यासारखं आहे.

इ.स. ४९९च्या आर्यभटीयात हिचा नियम एका श्लोकात बसवलाय: उलट जाताना गुणाकाराचा भागाकार होतो, भागाकाराचा गुणाकार, मिळवलेलं वजा होतं, वजा केलेलं मिळवायचं. त्या श्लोकात वर्ग आणि मूळ नाहीत. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने वर्गाचं मूळ आणि मुळाचा वर्ग करा, असं नियमात घातलं आणि ही रीत वर्गसमीकरणाच्या उंबऱ्याशी आली.

तिचा सगळ्यात देखणा नमुना ११५०च्या ‘लीलावती’तला. भास्कराचार्य विचारतात: एका राशीला, म्हणजे संख्येला, तिनाने गुणलं, आलेल्या गुणाकाराचा पाऊण हिस्सा त्यातच मिळवला, साताने भागलं, भागाकारातून त्याचाच तिसरा हिस्सा काढला, उरलेल्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, मूळ काढलं, ८ मिळवले, दहाने भागलं, तर २ आले. चंचल डोळ्यांच्या बाळे, ‘विमलां विलोमक्रियाम्’ जाणत असशील तर राशी सांग.

शेपटाकडून सुरुवात करू. २ गुणिले १० म्हणजे २०. आठ काढले, १२. वर्ग १४४. त्यात ५२ घातले, १९६. मूळ १४. तिसरा हिस्सा जाऊन १४ उरले, म्हणजे आधी २१ होते. सात पट १४७. पाऊण हिस्सा मिळवून १४७ झाले, तर मूळचे ८४. तिनाने भागले, २८. क्ष नाही, बरोबरचं चिन्हही नाही, तरी वर्गसमीकरण सुटलं.

आता २८ऐवजी उणे २८ घालून बघा. वर्ग करायच्या पायरीला १४च्या जागी उणे १४ येतात, वर्ग तोच १९६, आणि शेवटी २च! ‘लीलावती’त उत्तर मात्र एकच दिलंय, २८. व्यवहारी गणितात राशी म्हणजे माणसं, मोहरा, धान्य. उणे राशी कोण मोजणार?

भास्कराचार्यांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्याच ‘बीजगणिता’त ‘स्वमूले धनर्णे’ असं स्वच्छ लिहिलंय: धन संख्येची मुळं दोन, एक धन, एक ऋण. ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नसते, हेही लगेच पुढे. आणि माकडांची दोन उदाहरणं तर मला फार आवडतात. एका कळपाच्या आठव्या हिस्स्याचा वर्ग रानात खेळतोय आणि १२ माकडं टेकडीवर आहेत. उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्या कळपाच्या पाचव्या हिस्स्यातून तीन कमी करून त्याचा वर्ग गुहेत शिरला, एक माकड बाहेर दिसतंय. इथे ५० आणि ५ येतात, पण पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २. म्हणून ५ नाकारायचं. ऋण झालेली राशी लोकांना पटत नाही, असं कारण ते देतात. समीकरणाला पाच पटतंय, माकडांना पटत नाही.

बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी त्याआधी, नवव्या शतकात, ‘वर्ग बरोबर संख्या’ हा समीकरणाचा स्वतंत्र प्रकारच मानत होता. पाच वर्ग म्हणजे ८०, तर एक वर्ग १६, मूळ ४. उणे ४चं नाव नाही.

युरोपात तर फ्रेंच गणिती देकार्तने, ज्याच्या १६३७च्या ग्रंथाने आपल्या क्षच्या जागचं x हे अक्षर तिकडे रूढ केलं, ऋण मुळांना सरळ ‘खोटी मुळं’ म्हटलं.