उंबऱ्याखालचा गंज : जुन्या व्हॅनचा तळ घरी दुरुस्त करताना

एक कोरा कागद घ्या आणि त्याची मनगटाएवढी जाड नळी करा. कडेवर कडा चढवून ती पूर्ण लांबीभर चिकटपट्टीने बंद करा. आता दोन्ही टोकं हातांत धरून, ओला कपडा पिळतात तशी ती पिळून बघा. नळी ताठ राहते. फार जोर लावला तर चुरगळते, पण सहजासहजी पीळ घेत नाही. मग तिला ब्लेडने या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. कागद तेवढाच आहे, वजन तेवढंच आहे, पण नळीत जीव उरलेला नाही.

जुन्या व्हॅनच्या तळाचं दुखणं हेच आहे. खाली वाकून बघणाऱ्याला पत्र्याला पडलेली भोकं दिसतात आणि भोक बुजवलं की काम झालं असं वाटतं. खरं नुकसान त्या बंद नळीचं झालेलं असतं. ८० मिलिमीटर बाजूची, दीड मिलिमीटर जाड पत्र्याची चौकोनी पोकळ नळी घेतली आणि तिचा एक सांधा लांबीभर उघडला, तर पिळाला होणारा तिचा विरोध गणिताने सुमारे दोन हजार पटींनी घटतो. दोन हजार टक्क्यांनी नव्हे, पटींनी. खऱ्या गाडीत सांधा इतका सलग क्वचितच उघडतो आणि शेजारचे पत्रेही आधार देतात, त्यामुळे घसरण एवढी टोकाची नसते. पण दिशा तीच असते.

व्हॅनला हा पीळ फार सोसावा लागतो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की अख्खी गाडी कर्णाच्या दिशेने मुरडते. मोटारीपेक्षा व्हॅन पोकळ असते, बाजूला सामान चढवायचं मोठं दार असतं, म्हणजे कवचाला मुळातच एक खिंडार. ही उणीव तळाने भरून काढायची असते. फोक्सवॅगनच्या पहिल्या व्हॅनची जन्मकथा यासाठी सांगण्यासारखी आहे. डच व्यापारी बेन पॉन यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत पेटीसारख्या गाडीचं एक साधं रेखाचित्र काढलं. कंपनीने १९४९मध्ये पहिला नमुना बांधला तो बीटल मोटारीच्याच तळावर. चाचणीत तो तळ भार सोसू शकला नाही. मग रचनाच बदलली : कवच आणि तळ एकजीव, आणि खाली शिडीसारखा सांगाडा, म्हणजे दोन लांब कणे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि कडेला दाराखालच्या उंबऱ्यापर्यंत पोचणारे हात. मार्च १९५०मध्ये उत्पादन सुरू झालं ते या रचनेचं. अनेक जुन्या व्हॅनच्या पोटाखाली आजही थोड्याफार फरकाने अशीच शिडी सापडते.

त्या शिडीतल्या आडव्या पट्ट्यांचा छेद बऱ्याचदा टोपीसारखा असतो : वरून उघडी पन्हळ आणि दोन्ही बाजूंना सपाट कडा. फ्लोअरचा पत्रा या कडांवर स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून जोडून, बसवला की पन्हळीला झाकण मिळतं आणि ती बंद नळी होते. म्हणजे फ्लोअर हा नुसता पाय ठेवायचा पत्रा नाही, तो प्रत्येक नळीची चौथी भिंत आहे. काड्यापेटीचं बाहेरचं कवच बोटांनी दाबलं तर लगेच तिरकं होऊन चपटतं. त्याच्या एका तोंडावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला तर होत नाही. फ्लोअर तेही काम करतो. म्हणून ‘चासी चांगली आहे, फक्त फ्लोअर गेलाय’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. या गाड्यांत ‘फक्त फ्लोअर’ असं काही नसतं.

आता गंज नेमका सांध्यातच का घुसतो, ते पाहू. केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे हे पक्कं केलं, आणि त्यासाठी त्यांना मिठाच्या पाण्याचा एक थेंब पुरला. थेंबात त्यांनी असे पदार्थ मिसळले की लोखंड विरघळतं तिथे निळा रंग यावा आणि ऑक्सिजन वापरला जातो तिथे गुलाबी. लोखंडावर ठेवलेल्या थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी. कडेला हवा जवळ, म्हणून ऑक्सिजन तिथे खर्च होतो. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन मात्र थेंबाच्या मधलं, हवेला पारखं झालेलं लोखंड पुरवतं आणि स्वतः विरघळत जातं. म्हणजे ओल असलेल्या पत्र्यात जिथे ऑक्सिजन सगळ्यात कमी, तिथेच धातू खाल्ला जातो.

दोन पत्रे एकमेकांवर ठेवून केलेला स्पॉट वेल्डचा सांधा ही अशीच जागा. पाणी केशाकर्षणाने फटीत ओढलं जातं, हवा मागे राहते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा संपत आलेला, असं त्यामुळे होतं. त्यात गंजाचं आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकतं. फटीत तयार झालेला गंज पाचरीसारखा फुगतो, दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि वेल्डचे ठिपके एकेक करून सुटतात. फट रुंदावली की पाणी आणखी आत. ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइड घट्ट चिकटून खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो.

बंद पोकळीची आणखी एक खोड आहे : ती श्वास घेते. तापमान २० अंशांनी बदललं की आतल्या हवेचं आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी कमी-जास्त होतं. दिवसा हवा बाहेर पडते, रात्री गार दमट हवा आत येते आणि थंड पत्र्यावर दव धरतं. चाकाने उडवलेला चिखल कोपऱ्यात बसला की तो पोटिसासारखा ओल धरून ठेवतो. मीठ असेल तर आणखी वाईट, कारण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपण होऊन पाणी ओढून घेतं. पाऊस यावाच लागत नाही. आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा बहुतेक वेळा वरून सडतो. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, तिथून झिरपलेलं पाणी मॅटखाली साचतं. फ्लोअर बदलायचा आणि रबर जुनंच ठेवायचं, यात काही अर्थ नाही.

तपासणीला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक टोच्या आणि छोटी हातोडी घ्या. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. टोच्या जोर लावूनही शिरत नसेल ती जागा चांगली. तळाला फासलेला डांबरासारखा जाड लेप मात्र खरवडून काढावाच लागतो. वर्षांनुवर्षांनी तो कडक होऊन तडकतो आणि तडीतून शिरलेलं पाणी त्याच्यामागे कोंडलं जातं, त्यामुळे सगळ्यात सुरक्षित दिसणारा भाग कधीकधी सगळ्यात वाईट निघतो. जुन्या दुरुस्त्याही तिथेच लपलेल्या असतात : गंजावर ठोकलेला पत्रा, त्यावर आणखी एक. अशा थिगळांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक थिगळ एक नवी फट तयार करतं, आणि फट म्हणजे काय हे वर आलंच आहे. ती सगळी काढावीत.

ग्राइंडर हातात घेण्याआधीचे दोन दिवस मोजमापात घालवा. माझ्या मते अख्ख्या कामात यापेक्षा मोलाचे दिवस नाहीत. गाडी सपाट, टणक जमिनीवर, भक्कम स्टँडवर समतल ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जाऊ नका. आधार शक्यतो चाकांचा भार जिथून कवचात शिरतो त्याच्या जवळ द्या, नाहीतर गाडी मधे झोळावते आणि तुम्ही ती झोळावलेल्या आकारातच वेल्ड करून बसता. दारांच्या फटी वर, मध्ये, खाली मोजा. दाराच्या चौकटींचे आणि तळाचे कर्ण मोजा. समोरासमोरचे कर्ण सारखे असतील तर चौकोन खरा. मग चौकटींमध्ये तात्पुरते आडवे-तिरके पाइप वेल्ड करून किंवा बोल्टने घट्ट बसवा. उंबरा कापल्यावर त्याचं काम या पाइपांना करायचं आहे.

आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही उंबरे आणि फ्लोअर एकदम कापून ‘स्वच्छ सुरुवात’ करण्याचा मोह होतो, पण मग मूळ आकार सांगणारं गाडीत काहीच शिल्लक राहत नाही. खराब भाग कापताना चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे जा. स्पॉट वेल्ड ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यातून काढा, खालची कड वाचवा. नवा भाग आधी स्क्रूंनी अडकवा, दारं लावून बघा, पुन्हा मोजा. दार नीट लागत नसेल तर वेल्डिंग सुरू करू नका. नंतर ते आपोआप लागणार नाही.

वेल्डिंगमध्ये नवशिक्यांचा पत्रा लाटांसारखा का होतो, याचं उत्तर एका आकड्यात आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर प्रसरण पावतं. फार वाटत नाही. पण चारही बाजूंनी जखडलेल्या पत्र्याला पसरायला जागा नसते, त्यामुळे तापमान साधारण १०० अंशांनी वाढलं की दाब साध्या पोलादाच्या सोसण्याच्या मर्यादेला पोचतो. वेल्डजवळ तर धातू सुमारे १५०० अंशांना वितळतोय. तिथला तापलेला पत्रा जागच्या जागी चेपला जातो, आणि थंड होताना मूळ आकारापेक्षा आखडून आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढतो. एक मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला सलग वेल्ड झेपत नाही. एक टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका, इथे, दुसरा हातभर दूर, तिसरा पहिल्या दोघांच्या मध्ये. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा. कंटाळवाणं आहे, पण याला जवळचा रस्ता नाही. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरतात. त्याआधी भंगारातल्या दोन पट्ट्या अशाच जोडा आणि शिकंज्यात धरून फाडून बघा. वेल्ड सोबत पत्र्याचा लचका घेऊन सुटला तर जोड खरा. नुसताच निघून आला तर तुमचा हात अजून गाडीसाठी तयार नाही. तोपर्यंत शिडीच्या कण्यांचं काम अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावं. यात प्रश्न जिवाचा आहे.

जिवाचे आणखी काही धोके दिसत नाहीत. बॅटरी सोडवून ठेवा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून दूर न्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक असू शकते. पोकळीतलं जुनं मेण किंवा फोम पत्र्यामागे गुपचूप पेटतो. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणून जस्ताचा लेप असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर येतो आणि तो श्वासात गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंगचा आर्क मारल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. असा क्लीनर या कामात आणूच नका. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा कोरडी धूळ उडवू नका.

जस्त धुराच्या बाबतीत त्रासदायक असलं तरी लोखंडाचं मित्र आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे छोटे तुकडे जोडून दाखवलं की अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. तांबं खरोखर वाचलं. पण ते विरघळेनासं झाल्यावर जहाजांच्या तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं. व्हॅनला ती अडचण नाही. विद्युत विभव जितकं जास्त उणे, तितका धातू लवकर विरघळतो. जस्ताचं ते उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४, म्हणून दोघांना ओल लागली की आधी जस्त जातं. एकमेकांवर येणाऱ्या कडांना वेल्डिंगपूर्वी जस्ताचा प्रायमर लावतात तो यासाठी. गंज काळा करणारी टॅनिक आम्लाची द्रावणं उपयोगी आहेत, पण ती जिथे पोचतात तेवढ्याच थरावर काम करतात. जाड पापुद्रा आधी घासूनच काढावा लागतो.

सगळे सांधे सीलरने बंद झाले, बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि रंग लागला, तरी आतली बाजू उरतेच, कारण वेल्डच्या मागचा रंग जळून गेलेला असतो. तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळीच्या फवाऱ्याने पातळ मेण मारायचं. ते केशाकर्षणाने त्याच फटींमध्ये शिरतं जिथे इतकी वर्षं पाणी शिरत होतं, आणि वाळूनही मऊ राहतं. उंबऱ्याच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोकं मात्र फवारणीनंतर तारेने मोकळी करा. पहिल्या कडक उन्हात त्या भोकांतून मेणाचे एक-दोन थेंब ओघळून जमिनीवर पडतील. ते पुसून टाका, आणि भोकं तशीच उघडी ठेवा.